फर्नेसचा ब्लोअर: मोटर कोणती घ्यावी आणि पंखा कसा चालवावा

घर तापवणारी गॅसची फर्नेस बदलायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ८० टक्के कार्यक्षमतेची घ्यायची की ९५ टक्केवाली? डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळांमधून, घरभर हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, ब्लोअरचं, नावही निघत नाही. पण बर्नर फक्त थंडीत पेटतो, ब्लोअर मात्र हिवाळ्यात गरम हवेसाठी आणि उन्हाळ्यात एसीसाठी, असा बारा महिने राबतो. घरात जे रोज जाणवतं, म्हणजे घरघर, अंगावर येणारा झोत, शेवटच्या खोलीपर्यंत न पोचणारी ऊब, ते बहुतेक सगळं ब्लोअरचंच असतं.

मोटरी तीन जातींच्या. जुनी, कपॅसिटरवर चालणारी पीएससी (परमनंट स्प्लिट कपॅसिटर). दुसरी ईसीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) कायम ठेवणारी. मेकॅनिक तिला 'कॉन्स्टंट टॉर्क' म्हणतात. तिसरी हवेचा प्रवाह कायम ठेवणारी ईसीएम, जी विकताना 'व्हेरिएबल स्पीड' म्हणून सांगितली जाते. अमेरिकेत ३ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या घरगुती फर्नेसना पंख्याच्या वीजखपतीचा नियम लागू झाला आणि नव्या गॅस फर्नेसमधून पीएससी जवळजवळ हद्दपार झाली. त्यामुळे नवी फर्नेस घेणाऱ्याला निवड दोन ईसीएममध्येच करायची असते. पीएससीचा प्रश्न उरतो तो जुन्या फर्नेसची मोटर जळाल्यावर: तशीच बसवायची, की तिच्या जागी ईसीएम?

पीएससीच्या बाजूने बोलायचं तर ती साधी आहे. खालचं पॅनल काढलं की मोटरजवळ चकचकीत डबीसारखा कपॅसिटर दिसतो आणि फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाकडे जाणाऱ्या, प्रत्येक वेगासाठी एक अशा रंगीत वायरी. बहुतेक ठिकाणी काळी सगळ्यात वेगवान, निळी मधली, लाल सगळ्यात सावकाश. पण रंगांवर विसंबू नका, पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला वायरिंगचा नकाशा खरा. एक वायर 'हीट'वर, एक 'कूल'वर, उरलेल्या 'पार्क'वर, म्हणजे न वापरलेल्या वायरींच्या जागेवर. दोन वेगांच्या वायरी एकाच टर्मिनलवर जोडल्या तर मोटर जळते. बस, एवढंच तिचं कॉन्फिगरेशन. बिघडली तर बरेचदा कपॅसिटर बदलून भागतं.

तिचा दोष म्हणजे हवेला अडथळा आला की ती हार मानते. फिल्टर तुंबला, की प्रवाह लगेच घटतो. गंमत अशी, की त्या वेळी तिची वीज वाढत नाही, उलट कमी होते, कारण ढकलायला हवाच कमी असते. 'घाणेरड्या फिल्टरने पंख्याचं बिल वाढतं' हे या मोटरला लागू नाही. फटका बसतो हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला; त्याच्यावरची उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवा नसते.

कॉन्स्टंट टॉर्कवाली मोटर इतक्या लवकर हात टेकत नाही. दाब वाढला तरी तिचा प्रवाह थोडाच घटतो. तिच्यावर साधारण पाच टॅप (वेगवेगळ्या वेगांचे जोड) असतात आणि २४ व्होल्टचा सिग्नल ज्या टॅपवर येईल त्या वेगाने ती फिरते. १२० व्होल्ट मात्र तिच्यावर कायम असतात, पंखा थांबलेला असला तरी. तिसरी त्याही पुढची: स्वतःचा वेग आणि टॉर्क यांवरून हवा किती जाते याचा हिशोब करते आणि बोर्डावरच्या डिप स्विचने (छोट्या खटक्यांनी) सांगितलेला आकडा गाठेपर्यंत वेग वाढवत राहते.

ऐकायला तिसरी सर्वात चांगली वाटते, आणि डक्ट प्रशस्त असतील तर आहेही: हळूच सुरू होते, हळूच थांबते. पण डक्ट अरुंद असतील तर तिचा हट्टच अंगाशी येतो. बऱ्याच फर्नेसच्या माहितीपत्रकात बाहेरच्या स्टॅटिक प्रेशरची, म्हणजे डक्टच्या अडथळ्यामुळे पंख्यावर येणाऱ्या दाबाची, मर्यादा अर्धा इंच उंच पाण्याच्या दाबाइतकी दिलेली असते. प्रत्यक्षात दाब त्याच्या वर गेला असेल तर पीएससी गुपचूप कमी हवा देते. ही मोटर मात्र जोर लावते, ग्रिलमधून शिट्टी वाजवते आणि वाचवायची ती वीज उडवून बसते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्टॅटिक प्रेशर मोजल्याशिवाय व्हेरिएबल स्पीडला हो म्हणू नका. मोजायला मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) आणि डक्टला दोन भोकं लागतात, वेळ फार लागत नाही. जो विक्रेता मोजायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून कॉन्स्टंट टॉर्कच घ्यावी.

वीज किती वाचेल, हे मोटरपेक्षा पंखा तुम्ही कसा चालवता यावर ठरतं. पंख्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला की गरज आठव्या हिश्शावर येते. ईसीएमला हा फायदा मिळतो, पीएससीला सावकाश टॅपवरही फारसा मिळत नाही. समजा पीएससी ४०० वॉट घेते आणि ईसीएम मंद वेगात ८०. थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन'वर चोवीस तास ठेवला तर महिन्याला एकीकडे २८८ युनिट, दुसरीकडे ५८च्या आत. पण पंखा 'ऑटो'वर, म्हणजे फर्नेस किंवा एसी चालू असतानाच, दिवसाला चार-पाच तास पूर्ण वेगाने चालत असेल तर फरक बराच आटतो. ऑटोवरच राहणार असाल आणि जुन्या फर्नेसची दोन-चार वर्षंच उरली असतील, तर पीएससीच्या जागी पीएससी बसवण्यात काहीच कमीपणा नाही.

मग ऑटो बरा की ऑन? खोल्याखोल्यांत तापमानाचा फरक असेल, किंवा धूळ सतत फिल्टरमधून जावी असं वाटत असेल तर ऑन, पण ईसीएम असेल तरच. दमट उन्हाळ्यात मात्र ऑटोच. एसीचा कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा चालू राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन घरात येतं. डक्ट माळ्यावरून जात असतील आणि गळके असतील तरीही ऑनमध्ये नुकसानच. 'सर्क्युलेट' म्हणजे तासातली काही मिनिटं पंखा फिरवणं; पीएससीवाल्यांसाठी तो बरा तोडगा.

आता सेटिंगचं. इथे लोक कानाने ठरवतात आणि फसतात. मीही फसलो होतो. बसवणाऱ्याने 'आवाज कमी येईल' म्हणून हीटला लाल वायर लावून दिली आणि मी खूश. कडाक्याची थंडी पडली तेव्हा घर ६६ अंश फॅरेनहाइटवर अडकलं. बर्नर पेटायचा, काही मिनिटांत विझायचा, पंखा मात्र फिरतच राहायचा. फार तापलं की बर्नर बंद करणारा हाय लिमिट स्विच फर्नेस वाचवत होता. रिटर्न (परतीच्या हवेच्या) आणि सप्लाय (गरम हवेच्या) डक्टमध्ये थर्मामीटर खुपसले तर फरक ७४ अंश. फर्नेसच्या पाटीवर लिहिलेली हद्द ३५ ते ६५. लाल काढून पिवळी लावली, फरक ५८ वर आला. आवाज किंचित वाढला, पण घर तापलं.

ही मोजणी कोणत्याही मोटरला लागू आहे. फर्नेस दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग मोजा. सप्लायचा थर्मामीटर हीट एक्स्चेंजरच्या थेट समोर येऊ देऊ नका, नाहीतर त्याची धग लागून आकडा फुगतो. हिशोब ताडून पाहायचा तर तासाला बाहेर पडणारे बीटीयू (उष्णतेचं माप) १.०८ ने आणि मग तापमानाच्या त्या फरकाने भागा. ६४,००० बीटीयू आणि ५० अंश असेल तर सुमारे १,१८५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). फरक हद्दीच्या वर गेला तर एक्स्चेंजरला तडा जाण्याची भीती, फार खाली गेला तर ८० टक्केवाल्या फर्नेसमध्ये आत दमट होऊन गंज. एसीचा वेग वेगळा ठरतो, टनामागे साधारण ४०० सीएफएम, दमट हवेत ३५० पर्यंत. हाय लिमिट स्विच वारंवार बर्नर बंद करत असेल तर एक्स्चेंजर तपासून घ्या; तडा गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

वायर हलवायच्या आधी वीज बंद करा, आणि ईसीएम असेल तर निदान पाच मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर भरलेले असतात. थर्मोस्टॅटमध्ये फॅनचं सेटिंग 'गॅस'वर आहे ना, तेही पाहा. 'इलेक्ट्रिक'वर असेल तर गॅस पेटायच्या आधीच पंखा गार हवा फेकायला लागतो आणि लोक बिचाऱ्या मोटरला दोष देतात. बर्नर विझल्यावर पंखा किती वेळ चालावा, तेही बोर्डावर ठरवता येतं, सहसा ६० ते १८० सेकंदांत. शेवटी हवा गार लागत असेल तर कमी करा. पंखा थांबताना ग्रिल अजून गरम असेल तर वाढवा.