मंदीतलं उपनगर आणि महारेराचं पान : काय हाती लागतं, कुठे अडतं

बाजार थंडावला की कल्याण-बदलापूर आणि वसई-विरारच्या पट्ट्यात बांधकाम एका दिवसात बंद पडत नाही. आधी शंभर मजुरांचे तीस होतात, मग दोन स्लॅबमधलं अंतर एका महिन्यावरून चार महिन्यांवर जातं, मग हिरवी जाळी फाटून लोंबायला लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तकंपनीने हप्ते चुकवले, २०१९ मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी अडचणीत आली, बिल्डरांचा उसना पैसा आटला आणि त्यावर २०२०ची टाळेबंदी आली. त्या काळात शेकडो कुटुंबं भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत होती. अशा वेळी सामान्य माणसाच्या हातात असलेली एक सरकारी खिडकी म्हणजे महारेरा, रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं आणि तक्रारी ऐकणारं राज्याचं प्राधिकरण. ही सेवा माहिती मिळवायला उत्तम आहे, तक्रारीला बऱ्यापैकी आहे आणि पैसे वसूल करून द्यायला कमकुवत. कुठलं काम कोणत्या भागाकडून घ्यायचं हे कळलं, तर ती खरोखर उपयोगी पडते.

संकेतस्थळावर प्रकल्प नावाने शोधू नका, नोंदणी क्रमांकाने शोधा. जुन्या नोंदण्यांत क्रमांकाची सुरुवातच जिल्हा सांगते : पी५१७ ठाणे, पी९९० पालघर, पी५२० रायगड, पी५१८ मुंबई उपनगर. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, त्यामुळे होर्डिंगवरून थेट पानावर जाता येतं. इथे पहिली चूक होते ती टप्प्यांची. एकाच संकुलातल्या ए, बी, सी विंगांची नोंदणी बहुतेक वेळा वेगवेगळी असते. ए विंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली दाखवून सी विंगचं बुकिंग घेतलं जातं, आणि सी विंगचं पान उघडलं तर काम जोत्यापर्यंतच आलेलं असतं. आपली विंग, आपला मजला मंजूर नकाशात आहे का, एवढं पहिल्यांदा बघा. सात मजल्यांची मंजुरी असताना बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालेले लोक आहेत.

पानावर पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही असतात. मे २०२० मध्ये कोविडमुळे प्रकल्पांना सहा महिन्यांची सरसकट वाढ मिळाली. एकच वाढ असेल तर घाबरायचं कारण नाही. दोन-तीन वेळा तारीख सरकली असेल तर पुढचं वाचायलाच हवं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : संकेतस्थळावरची तारीख पुढे गेली म्हणून तुमच्या नोंदणीकृत करारातली पझेशनची तारीख पुढे जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. व्याज मोजायचं ते कराराच्या तारखेपासून.

या पानावरचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे फॉर्म ३, चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र. फॉर्म १ वास्तुविशारदाचा, फॉर्म २ अभियंत्याचा. ते काम किती टक्के झालं ते सांगतात. फॉर्म ३ सांगतो की उरलेलं काम पूर्ण करायला पैसा आहे का. त्याच्या शेवटी चालू प्रकल्पांसाठी जास्तीची माहिती असते, पाचच ओळी. पहिली ओळ : उरलेल्या कामाचा खर्च. दुसरी : विकलेल्या फ्लॅटांकडून अजून यायचे पैसे. तिसरी : न विकलेलं क्षेत्र आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी बाजारमूल्याच्या, दराने त्याची किंमत. चौथी ही दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीची बेरीज. पाचवी ओळ म्हणजे येणाऱ्या पैशातला किती भाग प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात टाकायचा : चौथी ओळ पहिलीपेक्षा मोठी असेल तर ७० टक्के, लहान असेल तर पूर्ण १०० टक्के.

उदाहरण म्हणून ८४ फ्लॅटांची इमारत घ्या, ४४ विकलेले, ४० शिल्लक. उरलेलं काम १४ कोटींचं. विकलेल्यांकडून यायचे ५ कोटी. शिल्लक ४० फ्लॅट प्रत्येकी ३८ चौरस मीटर कार्पेटचे, म्हणजे १,५२० चौरस मीटर. रेडी रेकनर ७५,००० रुपये धरला तर ११ कोटी ४० लाख. बेरीज १६ कोटी ४० लाख, खर्चापेक्षा जास्त. कागदावर प्रकल्प ठणठणीत. आता मागच्या तीन तिमाहींचे फॉर्म उघडा. तिन्हींत ४० फ्लॅट शिल्लकच दिसत असतील, तर ते ११ कोटी ४० लाख कुठूनही येत नाहीयेत. हातात यायचे खरे पैसे ५ कोटी, आणि तेही पुढचा स्लॅब झाला तरच बँका सोडणार. काम १४ कोटींचं. म्हणजे ९ कोटींचं भगदाड आहे. तेजीत ही तिसरी ओळ खरी असते, मंदीत ती फक्त आशा असते. म्हणून बुकिंग करण्याआधी एकच फॉर्म बघू नका, लागोपाठच्या चार तिमाहींचे बघा आणि विक्रीचा आकडा हलतोय का ते तपासा. फॉर्मच चढवलेले नसतील तर तोही निकालच समजा. माहिती अद्ययावत न केल्याबद्दल महारेराने २०२३ मध्ये तीनशेहून अधिक प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली होती.

ही बेरीज अडकलेल्यांच्याही कामाची आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये रखडलेल्या प्रकल्पांसाठी 'स्वामीह' निधी जाहीर केला. त्याची मुख्य अटच ही होती की प्रकल्प रेरा-नोंदणीकृत हवा आणि येणं खर्चापेक्षा जास्त हवं. बोरिवलीचा रिवाली पार्क हा त्या निधीतून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प, मे २०२१ मध्ये घरं हातात आली.

आता या सेवेची सर्वांत मोठी त्रुटी. नोंदणी क्रमांक म्हणजे इमारत कायदेशीर असल्याचा दाखला, असं लोक धरून चालतात. डोंबिवलीत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराचे क्रमांक मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा आत कुटुंबं राहत होती, बँकांची कर्जं चालू होती. हा घोटाळा उघड झाल्यावर पडताळणी कडक झाली, तरी स्वतः खात्री करायला पर्याय नाही. पानावरून सीसीची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) प्रत उतरवा, जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, महापालिकेच्या नगररचना विभागात तो क्रमांक तपासा. तोंडी उत्तरावर थांबू नका, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. सीसीवरचा सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी जुळतो का तेही बघा. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या इमारतीला नोंदणीची सक्तीच नाही. विरार-नालासोपाऱ्याकडे आणि बदलापूरच्या गावठाणांत अशा छोट्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे हे पान तुम्हाला काहीच सांगणार नाही.

भावाबद्दलही महारेरा गप्प आहे. त्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च वापरा. गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्याचा गोषवारा, दिसतो : मोबदला, बाजारभाव, क्षेत्र, तारीख, दोन्ही पक्षांची नावं. मंदीत बिल्डर दरपत्रक खाली आणत नाहीत, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. सूट मिळते ती पार्किंग, स्टॅम्प ड्युटी, मॉड्युलर किचनच्या रूपात. इंडेक्स टूवरचा मोबदला भागिले कार्पेट क्षेत्र केलं की गेल्या सहा महिन्यांत त्याच इमारतीत प्रत्यक्ष कितीला सौदा झाला ते कळतं, आणि 'शेवटचे दोन फ्लॅट उरलेत' हे खरं की खोटं तेही.

बुकिंगच्या वेळी रेरा कायद्याचा आधार चांगला आहे. कलम १३ नुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात शून्य, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. नोकरीची शाश्वती नसलेल्या दिवसांत ही ओळ फार महत्त्वाची, म्हणून वाटपपत्र हातात घेतल्याशिवाय चेक देऊ नका. 'पझेशनपर्यंत हप्ता नाही' या योजनेपासून मात्र लांब राहा. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने व्याज भरणं थांबवलं की बँक तुमच्याच दारात येते आणि सिबिलही तुमचाच खराब होतो. याच कारणाने नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना या योजना थांबवायला सांगितलं.

तक्रार ऑनलाइन होते, शुल्क ५,००० रुपये. करार, सगळ्या पावत्या, इंडेक्स टू आणि तारीखवार भरलेल्या रकमांचा तक्ता जोडायचा. कलम १८ तुम्हाला दोन वाटा देतं : प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा, किंवा राहून पझेशनपर्यंत दर महिन्याचं व्याज. दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. दोन्ही एकदम मागितलं की प्रकरण लांबतं. करारावर पती-पत्नी दोघांची नावं असताना एकानेच तक्रार करणं, शेजारच्या टप्प्याचा क्रमांक टाकणं, मनस्तापाची भरपाई प्राधिकरणाकडेच मागणं (ती निर्णय अधिकाऱ्याकडे वेगळ्या अर्जाने मागायची असते) या नेहमीच्या चुका. इमारत ऐंशी टक्के झाली असेल आणि फॉर्म ३ बरा दिसत असेल तर राहून व्याज मागणं शहाणपणाचं. ते शेवटच्या हप्त्यांतून वळतं करून घेता येतं. परतावा मागायचा तर बिल्डरकडे जप्त करण्याजोगं काय आहे ते आधी शोधा.

कारण खरी अडचण आदेशानंतर सुरू होते. आदेश पाळला नाही की वसुली वॉरंट निघतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदाराकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची असते. तहसीलदाराकडे शेकडो कामं असतात आणि बिल्डरची मालमत्ता शोधायला माणूस नसतो. ते काम तुम्ही करून द्या : त्याच्या इतर प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक, तिथले न विकलेले फ्लॅट, जमिनींचे सातबारे, वॉरंटच्या प्रतीसोबत लेखी द्या आणि पोच घ्या. बिल्डर अपिलात गेला तर ते तुमच्या बाजूचं आहे, कारण सुनावणीआधी त्याला तुमची रक्कम अपील न्यायाधिकरणात भरावी लागते. प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं तर मात्र वसुली थांबते. तेव्हा फॉर्म सीए (घर खरेदीदारांच्या दाव्याचा अर्ज) भरून दावा ताबडतोब दाखल करा. वॉरंट हातात आहे म्हणून गप्प बसलेले लोक यादीबाहेर राहतात.

आणि जे राहायला गेले त्यांचं काय? समजा तीच इमारत पूर्ण झाली : ८४ पैकी ४४ घरांत दिवे, बाकी अंधार. लिफ्टचा करार, वॉचमन, पंप, टँकर मिळून महिन्याचा खर्च २ लाख १० हजार असेल तर ८४ घरांत तो २,५०० रुपये पडतो, ४४ घरांत सुमारे ४,७७०. ज्याचा पगार कापला गेलाय तो आधी मेंटेनन्स थांबवतो, मग टँकर कमी होतात, मग भाडेकरू निघून जातात. शेजाऱ्याशी भांडण्याआधी कलम ११(४)(जी) वाचा : ताबा देईपर्यंतचे पाणी, वीज, कर, देखभाल यांचे खर्च प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे आहेत. रिकाम्या ४० घरांचा वाटा त्याच्याकडून लेखी मागा. सोसायटी नोंदणीची प्रक्रिया ५१ टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सुरू व्हायला हवी. इथे ८४ चे ५१ टक्के म्हणजे ४३ फ्लॅट, तो टप्पा ओलांडलेला आहे. मंदीत अनेक इमारती नेमक्या या आकड्याच्या अलीकडे अडकतात, म्हणून महारेराच्या पानावरचा बुकिंगचा आकडा दर तिमाहीला स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एकमेकांना शोधायला पान मदत करत नाही, तिथे नावं नसतात. इंडेक्स टूवर असतात. त्यावरून यादी करा, गणपतीच्या वर्गणीला जो वहीत नावं लिहितो त्याच्याकडेच ही वहीही द्या : फ्लॅट क्रमांक, कराराची तारीख, भरलेली रक्कम, बँक, कराराप्रमाणे पझेशन. प्रकल्पाच्या महारेरा नोंदणीची मुदत संपली तर कलम ८ नुसार उरलेलं काम करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेचा आहे. प्रकल्प दुसऱ्या बिल्डरकडे द्यायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर एकाच प्रकल्पातले १०० जण किंवा १० टक्के, जे कमी असेल ते. ४४ खरेदीदारांच्या इमारतीत दोन तृतीयांश म्हणजे ३० सह्या. परदेशी गेलेल्या आणि गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेल्या मालकांच्या सह्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांचे पत्ते आणि ईमेल आधी मिळवा.