जुनं रेडियल आर्म सॉ वर्षभर वापरलं, त्याबद्दल

पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता आणि मशीन भंगारात घातलं असतं, आता वर्षभर वापरून झालंय म्हणून जरा थंड डोक्याने लिहितोय. लाकूड कापायचं, दहा इंची ब्लेडचं सेकंड हँड मशीन आहे. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना सांगतो, मागे एक जाड खांब, खांबातून टेबलावर पुढे आलेला आडवा दांडा, त्या दांड्याच्या पोटाखाली बेअरिंगवर लटकलेली मोटर आणि मोटरच्या शाफ्टवरच थेट ब्लेड. फळी फेंसला, म्हणजे टेबलावरच्या मागच्या उभ्या पट्टीला टेकून गप्प बसते आणि ब्लेड तुमच्याकडे येतं. टेबल सॉवर फळी ब्लेडकडे ढकलतात, हे त्याच्या बरोब्बर उलटं. रेमंड डीवॉल्टने हे १९२२ साली काढलं, हो तोच, पिवळ्या ड्रिलवर ज्याचं नाव असतं तो.

ब्लेड तुमच्याकडे येतं, या मशीनची सगळी भानगड इथेच आहे. पुढच्या बाजूचे दात वरून खाली फिरतात, म्हणजे लाकूड खाली टेबलावर आणि मागे फेंसवर दाबलं जातं, हे चांगलंच आहे, फळी हलत नाही. पण लाकूड मागे ढकललं की ब्लेड तेवढ्याच जोराने पुढे सरकणार ना, म्हणजे तुम्ही नाही ओढलं तरी ते आपल्या पायांनी चालत तुमच्या पोटाकडे यायला बघतं. जाड किंवा कडक लाकूड असेल, नाहीतर तुम्ही घाईत असाल, तर ते लाकूड कापायचं सोडून लाकडावर चढतं.

माझ्यासोबत दुसऱ्याच दिवशी झालं. दोन इंच जाडीची, जराशी पिळलेली फळी होती आणि मशीनवर आधीच्या मालकाचं २४ दातांचं ब्लेड होतं, ते लांबीत चिरायचं, दात पुढे झुकलेले, अशा दातांना लाकूड दिसलं की हावरटासारखे घुसतात. मी ड्रॉवर ओढावा तसं हँडल ओढलं. निम्म्यात आवाज एकदम खाली गेला, हँडल हातात धक्का मारून पुढे आलं आणि ब्लेड फळीत रुतून मोटर नुसती गुणगुणत उभी राहिली. स्विच बंद केला आणि दोन मिनिटं स्टुलावर बसलो. डावा हात लांब होता, म्हणजे मी हुशारीने ठेवला होता असं नाही, फळी लांब होती म्हणून तो लांब होता. त्या फळीवर अजून तिरका चावा आहे.

त्यानंतर आधी ब्लेड बदललं. या मशीनला ब्लेड घेताना दात किती ते नंतर बघा, आधी हुक अँगल बघा, म्हणजे दात पुढे किती झुकलेत ते. शून्याच्या आसपास किंवा उणे पाच डिग्रीपर्यंत, म्हणजे दात मागे रेललेले. मी ६० दातांचं निगेटिव्ह हुकचं लावलंय आणि खरं सांगतो मशीन बदलल्यासारखं वाटलं. ती ओढ पूर्ण जात नाही, पण अंगावर येत नाही, कापायला थोडं ओढावं लागतं आणि तेच पाहिजे. बोथट ब्लेड मात्र कुठल्याही हुकचं असलं तरी लावू नका, ते जास्त चढतं.

दुसरं म्हणजे हाताची सवय. उजवा हात हँडलवर, मनगट सरळ, कोपर जवळजवळ ताठ, आणि हाताचं काम ओढायचं कमी, रोखायचं जास्त. उतारावर सायकल ब्रेक दाबत आणतो ना तसं. आवाज ऐकत रहायचं, मोटरचा सूर पडायला लागला की तिथेच थोपवायचं, तो परत वर आला की पुढे. मला हे जमायला साधारण पन्नास एक कट लागले, आता हात आपोआप करतो. डावा हात ब्लेडच्या रेषेपासून वीतभर तरी लांब, अंगठा बोटांच्या आत. आणि हात एकमेकांवरून क्रॉस कधीच करायचे नाहीत, डावीकडचा तुकडा उजव्या हाताने धरून डाव्या हाताने ब्लेड ओढायचं असले प्रकार करणारे लोक मी पाहिलेत, त्यांना नमस्कार. वीतभर अंतर मिळत नसेल इतका तुकडा छोटा असला तर क्लॅम्प लावा किंवा हातकरवत घ्या, त्यात कमीपणा नाही.

कट झाला की ब्लेड आधी पूर्ण मागे, फेंसच्या पलीकडे न्यायचं, मग स्विच बंद, मग ब्लेड थांबेपर्यंत उभं रहायचं आणि मगच तुकड्याला हात. माझ्या मशीनला ब्रेक नाही, बंद केल्यावर ब्लेड बराच वेळ फिरत राहतं, आवाज जातो पण फिरणं चालू असतं. सगळ्यात फसवा वेळ हाच, कारण तेव्हा डोकं पुढच्या कटात असतं.

इथे एक बारीक गोष्ट, जी मॅन्युअल नसल्यामुळे मला उशिरा कळली. मशीन बसवताना पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवायची, म्हणजे हात सुटला तर मोटर हळूच आपली मागे सरकते. अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमातच ही अट आहे. माझं अगदी लेव्हलमध्ये होतं, मी स्पिरिट लेव्हल लावून स्वतःला शाबासकी दिली होती आणि मोटर जिथे सोडेन तिथेच उभी, कधी कधी तर व्हायब्रेशनने पुढे यायची. पुढच्या पायांखाली पातळ पट्ट्या सरकवल्या आणि विषय संपला. उतार जास्त देऊ नका, धाडकन आपटायला लागली तर परत वेगळा ताप.

गार्ड. ज्याच्याकडून घेतलं त्याने खालचा गार्ड कधीच काढून टाकला होता, म्हणे "कामात आडवा येतो". येतो, खोटं नाही. पण ब्लेडचा खालचा अर्धा भाग उघडा असणं ही या जातीच्या मशीनची जुनी खोड आहे, १९५८ ते १९९२ मध्ये विकलेली क्राफ्ट्समन ब्रँडची अशी सुमारे ३७ लाख मशिन्स अमेरिकेत २००० साली याच कारणाने रिकॉल केली होती, गार्ड पूर्ण ब्लेड झाकत नाही म्हणून. तेव्हा जुनं मशीन घ्यायला गेलात तर मोटर चालू होते का हे दुकानदार दाखवेलच, तुम्ही गार्ड कुठाय ते विचारा. मला जुळणारा गार्ड शोधायला दोन महिने लागले आणि तोपर्यंत मशीन झाकून ठेवलं होतं, हे बायकोला आवडलं, मला नाही.

कापायची क्वालिटी? सेटिंग केलंत तर झकास. पण सेटिंग आधी करावं लागतं आणि अधूनमधून परत. गुण्या लावून बघितलंत तरी भरवसा ठेवू नका, एक रुंद फळी मधून कापा, एक तुकडा उलटा करा आणि कापलेल्या कडा एकमेकांना भिडवा, फट दिसली तर जी चूक आहे त्याच्या दुप्पट ती फट असते, म्हणून डोळ्याला लगेच दिसते. दांड्यातल्या बेअरिंगला ढिलाई असेल तर ब्लेड डगमगतं, कट खरबरीत येतो आणि लाकूड ब्लेडला चिमटतं, म्हणजे अचूकपणा आणि सुरक्षितपणा इथे एकच काम आहे. टेबलावर पातळ एमडीएफ टाकून ठेवलंय, ब्लेड त्यात दोनेक मिलिमीटर उतरतं, खराब झालं की बदलायचं. फेंसच्या खालच्या कडेची धार रंध्याने जराशी तिरकी छाटून घेतलीय, भुसा त्या खाचेत जातो, नाहीतर एखादा कपचा फळी आणि फेंसमध्ये अडकतो, फळी तिरकी बसते आणि कापताना मधेच सरकते. पिळलेली फळी टेबलावर डुगडुगत असेल तर इथे आणूच नका, आधी सपाट करा.

लांबीत चिरण्याबद्दल. मोटर नव्वद डिग्री वळवून होतं, दाखवतात लोक. मी दोनदा केलं आणि सोडलं. त्यात फळी ढकलायची बाजू चुकली तर ब्लेड फळी हातातून हिसकावून पलीकडे भिरकावतं, आणि हात फळीवरच असतो. बाजू बरोबर असली तरी दात फळीला वर उचलायला बघतात, म्हणून गार्डचं नाक खाली आणून फळी दाबायची, मागची अँटी किकबॅकची नखं, म्हणजे फळी उलटी उडू नये म्हणून तिला अडवणारी, नेमकी जुळवायची, स्वतः रेषेतून बाजूला उभं रहायचं, हे सगळं दर वेळी. एवढ्या वेळात टेबल सॉवर चार फळ्या होतात. या कामाला माझ्याकडून शून्य.

आडव्या कटाला मात्र पाचपैकी साडेचार. लांबच लांब फळी टेबलावर आडवी टाका, पेन्सिलची रेघ वर डोळ्यासमोर, तीच कापायची. खाचा मारायला तर याच्यासारखं काही नाही, खाच वरून दिसत असते, स्टॉप लावला की दहा फळ्यांवर दहा खाचा एकाच जागी. खाचेसाठी जाड डॅडो ब्लेड लावाल तेव्हा ओढ कितीतरी वाढते हे लक्षात ठेवा, एकदम पूर्ण खोल न जाता थोडं थोडं उतरवा.

अर्धा मार्क कापला तो भुशासाठी. सगळा मागे उडतो, पाइप लावलाय पण निम्मा पाइपात आणि निम्मा खांबाच्या मागे, पत्र्याचा आडोसा केल्यावर जरा बरं झालं. चष्मा आणि कानाला मफ लागतातच, हातमोजे घालू नका, लांब बाह्या दुमडा. माझ्या स्विचला छोटी पिवळी किल्ली आहे, ती काढली की चालूच होत नाही, ब्लेड बदलताना प्लग काढतोच पण किल्लीही खिशात असते, आणि ती दोनदा कपड्यांसोबत धुवून निघालीय, अजून चालते.