जुन्या ४०७ च्या चेंबरचा ड्रेन नट: पावसाळा काढल्यानंतर लिहितोय

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी आणि ड्रेन नट म्हणजे ऑइल काढायच्या तिच्या भोकाला बसणारा नट. तो नवा बसवला तेव्हा पावसाळा तोंडावर होता, आता एपीएमसीत लाल कांद्याची आवक सुरू झालीय. मधल्या काळात गाडी रोज धावली, ऑइल बदलून झालं, नट खोलून परत लागला आणि रात्री चेंबरखाली सरकवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा निघतोय. म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा नट चांगलाच वाटतो. तो खोलून परत लावल्यावर गळतो की नाही, खरी परीक्षा ती.

गाडी टाटा ४०७, एलपीटी, म्हणजे चपट्या तोंडाची. इंजिन जुनं ४९७: चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, २९५६ सीसी. एमएच-४३ पासिंग. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माल भरायचा, ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे, ऐरोली, दिघा करत विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून कळव्यात निघायचं आणि जांभळी नाक्यावर खाली करायचा, हा तिचा धंदा. आमच्याकडे येण्याआधी तिला बरेच मालक होऊन गेले आणि प्रत्येकाच्या मिस्त्रीने चेंबरच्या नटावर हात साफ करून घेतलेला. टेफ्लॉन टेप, त्यावर एम-सील, एकावर एक दोन वॉशर, सगळं होतं तिथे.

नट बदलण्याआधी गळती नक्की नटातूनच आहे का, हे बघा. ऑइल फिल्टरच्या गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या पुढच्या सीलमधून पाझरलं तरी वाऱ्याने मागे ओढलं जाऊन चेंबरच्या तळाला येतं आणि सगळ्यात खाली असलेल्या नटाच्या टोकावरून टपकतं. दोष मात्र बिचाऱ्या नटाला. आमच्या मिस्त्रीने चेंबर डिझेलने धुतला, फडक्याने कोरडा केला, नटाभोवती आणि वर गॅस्केटच्या कडेला खडूची पूड मारली आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं. ओलं जिथून सुरू झालं ते नटाचं बूड होतं. गॅस्केटची कड कोरडी.

मग दुकानं. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ काय, तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आजूबाजूला काय, काउंटरवर प्रश्न एकच: "दादा, गाडी कोणती?" ४०७ म्हटलं की पुडी समोर. एका दुकानातला नट भोकात नुसता फिरायचा, पकडतच नव्हता. दुसऱ्याचा दीड-दोन आटे गेला आणि अडकला. जोर लावला असता तर उरलेले आटेही खरवडून निघाले असते. एकाने तर छातीठोकपणे सांगितलं, "ओरिजिनल आहे, तुमचा चेंबरच डुप्लिकेट असणार."

दुकानदाराचीही पूर्ण चूक म्हणता येत नाही. ४०७ बाजारात आली १९८६ साली. तेव्हापासून त्याच नावाखाली एलपीटी आल्या, बोनेटवाल्या एसएफसी आल्या, इंजिनं बदलली, सीएनजी आली. त्यात जुन्या गाडीचा चेंबर आधीच्या कुणी बदललेला असतो किंवा आटे गेले म्हणून भोक मोठं करून नवा टॅप मारलेला, म्हणजे नवे आटे पाडलेले असतात. अशा गाडीला मॉडेलचं नाव सांगून नट मिळत नाही. भोकाचं माप घेऊन जावं लागतं. म्हणून खाली माझ्या नटाचा आकडा दिला असला तरी तो उतरवून घेऊ नका. तुमचा चेंबर कुणाकुणाच्या हाताखालून गेलाय ते तुमच्या भोकालाच ठाऊक.

मापं दोन: व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका आट्याच्या टोकापासून पुढच्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर. व्यास व्हर्नियरने मिळतो, पिचसाठी करवतीच्या दात्यांसारख्या पात्यांचं पिच गेज मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या कुठल्याही दुकानात विचारा. जुना नट हातात असला तर त्याची पिच खरी धरा, पण व्यासावर विश्वास ठेवू नका, कारण झिजलेल्या नटाचा व्यास कमीच भरतो. भोकाच्या आतलं माप घेणं त्याहून कटकटीचं. रबाळे एमआयडीसीतल्या ज्या टर्नरकडे (लेथवाल्याकडे) आम्ही गेलो त्याच्याकडे याचं सोपं उत्तर होतं: ओळखीच्या मापाच्या बोल्टांचा एक डबा. एकेक बोल्ट हाताने, पाना न लावता, भोकात घालून बघायचा. जो पाच-सहा आटे बोटांनी सहज जाईल आणि हलवल्यावर डुगडुगणार नाही, ते माप.

इथे फसायला भरपूर जागा आहे. ड्रेन नट बहुतेक बारीक आट्याचे असतात. एम १४, एम १६, एम १८ पासून एम २२ पर्यंत १.५ ची पिच सर्रास (एम म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा व्यासाचा; व्यास आणि पिच दोन्ही मिलिमीटरमध्ये). हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट मात्र जाड आट्याचा: एम १६ ला पिच २, एम १८ ला २.५. व्यास तोच, पिच वेगळी. सुरुवातीचा आटा लागतो, मग जाम होतो आणि माणूस म्हणतो "कचरा अडकलाय" आणि पाईप लावून पाना ओढतो. दुसरा सापळा सुताच्या मापाचा. पाईप फिटिंगच्या तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे तीन अष्टमांश इंची बीएसपी, या ब्रिटिश पाईप मापाच्या आट्याचा बाहेरचा व्यास साडेसोळा मिलिमीटरच्या थोडा वर असतो. नावात तीन सूत, हातात साडेसोळा मिलिमीटर, त्यामुळे तो एम १६ शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण त्याला इंचात १९ आटे, शिवाय आट्याचा कोन ५५ अंशाचा; मेट्रिकचा ६०.

आणि नळवाल्याकडचा निमुळता प्लग तर चेंबरला लावूच नये. तो जितका आत जातो तितका पाचरीसारखा बसतो, गळती त्या दिवशी थांबतेही. पण चेंबरचा बॉस, म्हणजे भोकाभोवतीचा जाड भाग, त्याने फाकतो, बीडाचा किंवा अॅल्युमिनियमचा चेंबर असला तर चिरतो. एपीएमसीतल्या आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने हाच उपाय केलाय आणि तो खूष आहे. त्याचं पुढचं ऑइल बदलणं बघायला मी जाणार नाही.

आमच्या भोकात एम १६ बाय १.५ चे आटे होते, पण तोंडाकडचे साफ गेलेले आणि टॅप जरा तिरका मारलेला. टर्नर म्हणाला, "चेंबर खोलून आणा, गाडीखाली झोपून मी टॅप मारणार नाही." त्याचं बरोबर होतं. गाडीवरच टॅप मारला तर लोखंडाचा बुरा चेंबरमध्ये राहतो आणि तिथून पुढे कुठे जाईल याचा नेम नाही. चेंबर उतरवला, आत तळाला काळा गाळ साचलेला, तोही निघाला. बॉसला भिंत पुरेशी जाड होती म्हणून १६.५ चं ड्रिल मारून एम १८ बाय १.५ चा टॅप मारला. १६.५ च्या ड्रिलने जुने आटे पूर्ण जातात आणि नव्या आट्यांना अख्खं लोखंड मिळतं. हेलिकॉइल, म्हणजे आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी, घालून मूळ माप राखता आलं असतं, पण आमचा बॉस उथळ असल्याने टर्नरने नको म्हटलं. शेवटी बॉसचं तोंड लेथवर सपाट करून दिलं. हे काम बरेच जण करत नाहीत, आणि मग आटे नवेकोरे असूनही गळतं. तेल आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. आणि वॉशरला टेकायला सपाट जागा लागते.

आता नटाविषयी. पोलादी, बाहेरून षटकोनी डोक्याचा, खाली रुंद कॉलर, टोकाला चुंबक. आतून अॅलन की लागणारे नटही मिळतात, दिसायला सुबक असतात. आपल्या रस्त्यांवर त्या खड्ड्यात चिखल जाऊन बसतो आणि एकदा चावी आत घसरली की डोकं गोल. बाहेरचा षटकोन बरा. रिंग पाना किंवा सॉकेट घट्ट बसतं.

वॉशर तांब्याचा. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, म्हणून खोलल्यावर तोच वॉशर जसाच्या तसा लावला तर पाझरतो. नवा मिळत नसेल तर जुना गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका, परत मऊ पडतो. पोलादाला असं केलं तर तो कडक होतो, तांब्याचं उलटं आहे. तरी कडेला रेघ किंवा खड्डा पडला असेल तर फेकून द्या. रबराची कड असलेले बॉन्डेड वॉशरही चांगले, कमी जोरात सील करतात, पण रबर कुठलं आहे हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. गरम तेलात साधं रबर फार दिवस काढत नाही.

चुंबकावर मी आधी हसलो नव्हतो, पण फार आशाही ठेवली नव्हती. ऑइल बदलताना टोकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा जमलेला मिळाला. जुन्या इंजिनात इतकं असायचंच. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, पापुद्रे लागले तर काळजी करावी. पण चुंबकावर काही नाही म्हणून इंजिन ठणठणीत, असं समजू नका. बेअरिंगच्या शेलवरचा पांढरा धातू, तांबं, पिस्टनचं अॅल्युमिनियम यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. ते बघायचं तर ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून उन्हात धरावं लागतं.

घेताना दोन गोष्टी बघा. चुंबक नुसता चिकटवलेला नको, कडेने दाबून किंवा पिन मारून बसवलेला हवा, नाहीतर तो चेंबरमध्येच सुटून पडतो. दुसरं, निओडिमियमचे साधे चुंबक साधारण ८० अंशांपुढे जोर गमावू लागतात आणि चेंबरमधलं ऑइल चढावर भरलेल्या गाडीत त्याहून तापतं. तापमान सहन करणाऱ्या ग्रेडचा असेल तर ठीक, नाहीतर साधा फेराइट परवडला.

तक्रारीही आहेत. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की गाडी त्यातूनच काढावी लागते. पावसाळा संपेपर्यंत डोक्यावरचं कोटिंग उडून गंज आला. आट्यांना काही झालं नाही, पण दिसायला नट जुन्या गाडीच्याही आधीचा वाटतो. चुंबकाचा आणखी एक त्रास: ऑइल काढताना नट गॅरेजच्या फरशीवर ठेवला की तिथला सगळा लोखंडी बुरा तो उचलतो. फडक्याने नीट न पुसता लावला तर तोच बुरा आपण हाताने इंजिनात घातला. आमचा ड्रायव्हर आता नट खिशात ठेवतो, बायको शर्टावरून बोलते ते वेगळं.

घट्ट करताना पाईप लावू नका. वॉशर टेकेपर्यंत हाताने, मग पान्याने थोडंच. मापाप्रमाणे टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, टॉर्क पाना असेल तर उत्तमच. आम्ही डोक्याला आरपार बारीक भोक पाडून तार बांधून घेतली आहे. खड्ड्यांनी सैल होईल अशी भीती होती, तसं झालं नाही, पण तार राहू दे.

ऑइल काढायला नळीवाला व्हॉल्व्ह बसवा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. हात काळे होत नाहीत हे खरं. पण तो चेंबरच्या खाली लोंबतो आणि भरलेली ४०७ मार्केटातल्या दगडांवरून, स्पीडब्रेकरवरून जाते. कारला ठीक असेल. फुगणारा रबरी बूच मात्र एक गाडीत टाकून ठेवा, रस्त्यात नट पडला तर गॅरेजपर्यंत पोचवतो. त्यावर आठवडाभर धंदा करू नका.

काढलेलं जुनं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागणारे दर महिन्याला भेटतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. आम्ही डबा साठवून अशाच ठिकाणी देतो.

पैशांचं म्हणाल तर नट, वॉशर मिळून अगदी किरकोळ. खर्च झाला तो चेंबर उतरवण्याचा, गॅस्केटचा आणि टर्नरचा. पण रोज गळून जाणारं ऑइल आणि सतत डिपस्टिक बघण्याचा ताप धरला तर तो केव्हाच वसूल झालाय. जोडीचा दुसरा नट आणि वॉशरची पुडी डॅशबोर्डच्या खणात आहे, बॉसच्या शेजारी पंचाने "१८-१.५" ठोकून घेतलंय. परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, फक्त जस्ताचा जाड थर असलेला शोधून.