मनोविश्लेषण की आधार देणारी थेरपी? गंभीर मानसिक आजारात निवड करताना

घरातल्या कुणाला स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणारा आजार) किंवा बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा आजार) निदान झालं की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘नुसत्या गोळ्यांनी काय होणार? मुळाशी जा, मनोविश्लेषण करून घ्या.’ सल्ला मनापासूनचा असतो. पण या दोन आजारांना एकच माप लावता येत नाही, आणि निवड चुकली तर हातचे मोलाचे महिने जातात.

आधी स्किझोफ्रेनिया. पारंपरिक मनोविश्लेषणात माणूस आठवड्यातून चार-पाच वेळा कोचावर पडून मनात येईल ते बोलतो. विश्लेषक मागे बसतो आणि फार कमी बोलतो. त्या शांततेत दबलेलं वर यावं, ही अपेक्षा. आता आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय याची ज्याला खात्री आहे, असा माणूस तिथे पडलाय. तो विचारतो, ‘तुम्हीही त्यांच्यातलेच ना?’ मागून उत्तर येत नाही. त्याच्या लेखी ती शांतता म्हणजे कबुलीच! आधार देणारा थेरपिस्ट समोर बसतो आणि सरळ सांगतो, ‘नाही, मी त्यांच्यातला नाही. पण असं वाटत असताना रात्री झोप तरी कशी लागते तुम्हाला?’ मग बोलणं झोपेवर येतं, गोळ्यांवर येतं, उद्या सकाळी बाहेर पडायचं की नाही यावर येतं.

असे रुग्ण विश्लेषकाशी हवं तसं नातं जोडू शकत नाहीत, म्हणून ही पद्धत त्यांच्या कामाची नाही, असं मनोविश्लेषणाचे जनक खुद्द फ्रॉइड मानत होते. तरीही अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज रुग्णालयात मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी पद्धतीला मुरड घालून वर्षानुवर्षं असे रुग्ण पाहिले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण १९४८मध्ये त्यांनीच आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारी कल्पना मांडली, आणि कितीतरी आयांनी ते ओझं उगाचच वाहिलं. आजही कुणी थेरपिस्ट पहिल्या भेटीत आईला दोषी ठरवू लागला, तर तिथून उठावं.

१९८४मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियासाठी विश्लेषणात्मक आणि आधार देणारी, अशा दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. औषधं दोन्हीकडे चालू होती. अंतर्मनात खोल जाणाऱ्या थेरपीचे थोडे फायदे दिसले, पण रुग्णालयाबाहेर राहणं आणि कामधंदा सांभाळणं या बाबतीत आधार देणारी थेरपी सरस ठरली. माझ्या मते निवड इथेच होते: स्किझोफ्रेनियात औषधं पायाशी, जोडीला आधार देणारी थेरपी आणि घरच्यांसाठीचं मार्गदर्शन. बायपोलरमध्येही (अति उत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) आधी लिथियमसारख्या औषधांनी मूड स्थिरावू द्यावा, मग बोलणं. तीव्र नैराश्यात औषध टाळण्याची किंमत राफाएल ओशेरॉफ या डॉक्टरांनी मोजली. १९७९मध्ये चेस्टनट लॉजमध्ये सुमारे सात महिने त्यांच्यावर औषधांविना विश्लेषणात्मक उपचार झाले आणि ते खालावत गेले. दुसऱ्या रुग्णालयात औषधं सुरू झाल्यावर तीन महिन्यांत ते घरी गेले.

बॉर्डरलाइनमध्ये मात्र चित्र पालटतं. इथे औषधं दुय्यम, थेरपी मुख्य. आणि मनोविश्लेषणातून निघालेल्या पद्धतींना इथे खरोखर आधार आहे. बेटमन आणि फोनागी यांची मेंटलायझेशनवर आधारलेली थेरपी आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल, हे ओळखायला शिकवते. लंडनमधल्या त्यांच्या ४१ रुग्णांच्या अभ्यासाचा आठ वर्षांनंतरचा आढावा २००८मध्ये आला. ही थेरपी घेतलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांनी पुढच्या काळात आत्महत्येचा प्रयत्न केला होता. अभ्यास छोटा आहे, पण फरक डोळ्याआड करण्याजोगा नाही. मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्ग यांच्या परंपरेतली थेरपीही आठवड्यातून दोनदा, समोरासमोर बसून होते; जिवाला धोका वाटला तर काय करायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घेतलेलं असतं. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी हाही इथे तितकाच भक्कम पर्याय आहे. स्वतःला इजा करण्याची ऊर्मी रोज येत असेल तर मी आधी तीच निवडेन, कारण त्या क्षणी काय करायचं याची कौशल्यं ती लगेच हाती देते.

पहिल्या भेटीला जाताना तीन प्रश्न लिहून न्या. औषधं देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांशी तुम्ही स्वतः बोलाल का? रात्री दोन वाजता प्रसंग ओढवला तर आम्ही फोन कुणाला करायचा? सहा महिन्यांत काय बदललेलं दिसावं, असं तुम्हाला वाटतं? ‘आधी गोळ्या बंद करा, मग बघू’ असं कुणी म्हणालं, तर एकही गोळी न चुकवता दुसरा थेरपिस्ट शोधा.