अठरा हजारांची 'हाताने घडवलेली' सुरी आणि आजीची विळी

सुरी घरी आली त्या दिवशी मी एक कांदा चिरला आणि ती करून देणाऱ्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'दादा एक नंबर झालीय' असं पाठवलं. तो मेसेज त्याने स्क्रीनशॉट काढून रिव्ह्यू म्हणून लावलाय आणि तो अजून तिथेच आहे, काढ म्हटलं तर काढत नाही. म्हणून हे लिहितेय, नाहीतर स्वतःचा मूर्खपणा कोण चारचौघांत सांगतं.

मी पुण्यात घरूनच छोट्या पार्ट्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. धाकटा भाऊ हॉटेलच्या किचनमध्ये आहे, त्याच्याकडची ग्युतो, म्हणजे जपानी शेफची सुरी, एकदा वापरली आणि वेडच लागलं. ग्युतो हीच मुळात मिक्स भानगड, मेइजी काळात जपानात गोमांस खायला लागले तेव्हा फ्रेंच शेफ नाइफ बघून तिकडच्या लोकांनी केलेली. पातं तसंच लांब, पण पातळ आणि जास्त कडक. मला हवी होती ती अशी, की पातं जपानी, २१० मिलिमीटर, आणि मूठ मात्र वेस्टर्न, शिसवीची, तीन रिव्हेटवाली, कारण जपानी लाकडी मूठ हलकी असते आणि माझ्या हाताला वजन लागतं.

इन्स्टावर एक जण सापडला. काय ते व्हिडिओ! भट्टी, ऐरणीवर घाव, ठिणग्या, तेलात बुडवल्यावर उठणारा जाळ. म्हणाला आओगामी नंबर २ या जपानी स्टीलचा गाभा, दोन्ही बाजूंनी दमास्कस (वेगवेगळ्या स्टीलचे थर एकत्र ठोकून नक्षी येते ते), सगळं मीच घडवतो, ६ आठवडे लागतील. १८,५०० रुपये, त्यातले ९,००० आधी आणि उरलेले पाठवायच्या आधी. क्यूआर कोड कुठल्यातरी बाईच्या नावाचा होता, विचारलं तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे. बिल मागितलं तर 'ताई आपण कलाकार माणसं, जीएसटीत कुठे पडायचं.' मला ते चक्क आवडलं!

सुरी दिसायला देखणी, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. तीन आठवडे लिंबं, टोमॅटो, कैऱ्या, कांदे सगळं चिरलं आणि पातं आपलं लख्ख. मी येईल त्याला सांगायचे, बघा कसलं स्टील आहे, डागसुद्धा पडत नाही.

आता इथेच मला स्वतःच्या दोन कानाखाली माराव्या वाटतात. आओगामी म्हणजे कार्बन स्टील. ते स्टेनलेस नाहीच, निळ्या कागदात गुंडाळून यायचं म्हणून नाव पडलेलं. त्याच्यावर लिंबू कापलं की पातं काळं-निळं पडणारच आणि ओलं ठेवलं तर गंजणार. आमच्या आजीची विळी अख्खा जन्म बघितलीय, लोखंडी, कैरी चिरली की पातं काळं आणि फोडीही काळ्या, म्हणून आजी लगेच पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवायची. हे सगळं डोळ्यासमोर होऊन गेलेलं असताना मी न काळवंडणाऱ्या सुरीचं कौतुक करत बसले.

मग लाल भोपळा आला. अर्ध्यातच सुरी अडकली, काढून बघते तर धार एका बाजूला मुडपलेली, नख फिरवलं तर अडकत होतं. खरं कडक पातं असतं तर टवका उडाला असता, असं मुडपलं नसतं, हे भावाने नंतर सांगितलं. त्या माणसाला फोटो पाठवला तर म्हणे ताई तुम्ही चुकीची वापरली.

गावाला गेले तेव्हा कोयते-विळे करणाऱ्या लोहारकाकांकडे नेली. त्यांनी काही न बोलता कानस घेतली आणि धारेजवळ एकदा ओढली. कर्रर्र करून कानस सरळ आत बसली, खाली चमकणारा चुरा पडला. मग शेजारचा स्वतःचा कोयता घेऊन त्याच्या धारेवर तीच कानस ओढली, ती नुसती काचेवरून घसरल्यासारखी घसरली. म्हणाले, 'याला पाणीच दिलेलं नाही पोरी.' म्हणजे पातं तापवून, विझवून कडक केलेलंच नाही. बस, एवढंच, आणि परत कामाला लागले.

नक्षीचा निकाल मी घरी लावला. पॉलिश पेपरने एक इंचभर घासलं, नक्षी गेली. पण यावर लगेच भांडू नका हं, खरी दमास्कसची नक्षीसुद्धा घासल्यावर पुसट होते, फक्त ती फेरिक क्लोराइड लावलं की परत वर येते कारण थर स्टीलच्या आतच असतात. तपकीर गल्लीतून सर्किट बोर्डसाठी मिळतं ते आणलं, हातमोजे घालून लावलं, वाट बघितली. घासलेला भाग सगळा एकसारखा करडा झाला, एक रेघ आली नाही. आणि पात्याची पाठ तर पहिल्याच दिवशी बघायला हवी होती, खऱ्या थरांच्या रेघा पाठीवरही दिसतात, माझी पाठ कोरी (सुरीची). म्हणजे वरून लेझरने काढलेली रांगोळी. नंतर फोटो टाकून शोधलं तर हेच पातं, हीच नक्षी, बिनमुठीचं, घाऊक साइटवर १,१०० रुपयांना. त्याने घडवलं काय तर मूठ, आणि तीसुद्धा आता एका बाजूने सुटत चाललीय.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवून घेतली पण पैसे जाऊन दोन महिने झालेले, तिथे पहिल्या काही तासांतच फोन केला तर पैसे अडवायचा चान्स असतो. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण टाकलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, पण नोटीस पाठवायची कोणाला, माझ्याकडे ना बिल ना पत्ता, पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव.

भाऊ म्हणतो ताई तू कडकपणाचा आकडा तरी लेखी मागायचास, आणि तुझ्याच सुरीचा, मूठ बसवायच्या आधीचा, कागदावर तुझं नाव ठेवून काढलेला व्हिडिओ. आता बोलतोय शहाणा.

परवा त्याच्या पेजवर नवीन व्हिडिओ आला. तीच भट्टी, तोच जाळ, पण हातोडा धरलेल्या हातावर आधी मनगटापर्यंत टॅटू होता, या हातावर काहीच नाही. खाली किंमत २२,०००.