सही बोनस की मागचा फरक: टीए वाचताना वैमानिकाने काय मोजायचं

अमेरिकेत वैमानिकांचा करार मुदत भरली म्हणून संपत नाही. 1926 चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्यानुसार करार फक्त ‘अमेंडेबल’ (म्हणजे बदलायला खुला) होतो आणि नवा होईपर्यंत जुनेच दर चालू राहतात. संपावर जायचं तर नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी मध्यस्थ मंडळाने आधी मोकळं करायला हवं, त्यानंतर 30 दिवस थांबायचं. साहजिकच वाटाघाटी दोन-तीन वर्षं रखडतात, आणि तेवढा काळ जुन्या दराने विमान उडवल्याची भरपाई कशी करायची यावर टेबलावर भांडण होतं. वाटाघाटीतून जमलेल्या कच्च्या कराराला टीए (टेंटेटिव्ह अ‍ॅग्रीमेंट) म्हणतात, आणि वैमानिक त्यावर मतदान करतात. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना हे नवं नाही. सातवा आयोग लागू झाला 2019 मध्ये, पण तो 1 जानेवारी 2016 पासून धरला गेला आणि मधला ‘फरक’ हप्त्याहप्त्याने आला.

भरपाईच्या दोन तऱ्हा आहेत. रेट्रो म्हणजे शुद्ध फरक: नवा दर वजा जुना दर, गुणिले तुम्ही प्रत्यक्ष कमावलेले क्रेडिट तास (पगारासाठी धरले जाणारे तास). सही बोनस म्हणजे एक ठरलेली थैली, जी करार मंजूर झाल्यावर वाटली जाते. (नोकरीवर घेताना छोट्या, रीजनल विमान कंपन्या देतात तो बोनस वेगळा, त्याची इथे गल्लत नको.)

आकडे घेऊन बघू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणा एका कंपनीचे नाहीत. कॅप्टनचा दर तासाला 300 डॉलर, महिन्याला 80 तास, म्हणजे वर्षाला 2,88,000. करार दोन वर्षं उशिरा झाला. पहिल्या वर्षासाठी 4 टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी त्यावर आणखी 4 टक्के धरली, तर फरक पहिल्या वर्षाचा 11,520 आणि दुसऱ्याचा साधारण 23,500, मिळून 35,000 च्या आसपास. तासाला 150 डॉलर घेणाऱ्या फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) याच हिशोबाने निम्मा, 17,500. आता कंपनी म्हणाली की रेट्रो नको, प्रत्येकाला सरसकट 30,000 सही बोनस देतो. फर्स्ट ऑफिसर खूश, कॅप्टनला 5,000 चा फटका. जो सहा महिन्यांपूर्वी रुजू झाला त्याची तर लॉटरीच, कारण शुद्ध रेट्रोत त्याच्या वाट्याला चिल्लर आली असती. उलट ज्याने सुट्ट्या सोडून महिन्याला 110 तास ओढले, त्या कॅप्टनचा फरक 48,000 च्या वर जातो आणि त्याला 30,000 म्हणजे दिवसाढवळ्या लूट वाटते.

गेल्या काही वर्षांत भरती मोठी झाली असेल तर मतदारांत ज्युनिअर जास्त असतात. सरसकट बोनस त्यांच्याकडे बघूनच बेतलेला असतो, हे लक्षात ठेवून टीए वाचावा.

प्रत्यक्षात बहुतेक करार या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. डेल्टा या विमान कंपनीचा करार 2019 अखेर अमेंडेबल झाला आणि नवा मंजूर झाला मार्च 2023 मध्ये. त्यात एकरकमी रक्कम होती 2020 च्या कमाईच्या 4 टक्के, 2021 च्या 4 टक्के आणि 2022 च्या 14 टक्के. कमाईवर बेतलेली, म्हणजे तोंडवळा रेट्रोचा. पण सहीच्या दिवशी दर वाढला तो 18 टक्के, त्यामुळे मागच्या तिन्ही वर्षांचं माप त्यापेक्षा लहानच. याउलट एअर कॅनडाच्या 2024 च्या करारात 26 टक्के वाढ थेट 30 सप्टेंबर 2023 पासून लागू धरली. टीएच्या सारांशात ‘रेट्रो’ हा शब्द दिसला की लगेच टक्केवारी आणि तारीख शोधा. ‘रेट्रोऐवजी’ असं लिहिलेलं असेल तर ती बोनसचीच बहीण.

खरी मेख मात्र दरात आहे. बोनस एकदाच खर्ची पडतो म्हणून कंपनीला तो परवडतो. दर एकदा चढला की पुढच्या करारातही तोच पाया. समजा, 1 टक्का कमी दराच्या बदल्यात 10,000 जादा बोनस देऊ केला. 300 चा 1 टक्का म्हणजे तासाला 3 डॉलर, वर्षाच्या 960 तासांवर 2,880. त्यावर कंपनीचं निवृत्ती योगदान 17 टक्के धरलं तर 3,370. म्हणजे तीन वर्षांत ते 10,000 फिटतात आणि त्यानंतर तुम्ही दरवर्षी तोट्यात. चार वर्षांचा करार आणि पुढची दोन वर्षं रखडपट्टी, एवढा काळ कॉकपिटमध्ये असणाऱ्याने हा सौदा करू नये. पुढच्या वर्षी 65 पूर्ण होऊन निवृत्त होणाऱ्याने खुशाल करावा. त्यात लाज कसली?

निवृत्तांचं आणखी एक. बोनसची पात्रता बहुधा ‘सहीच्या दिवशी यादीत असलेला’ अशी लिहितात, त्यामुळे दोन वर्षं जुन्या दराने उडवून महिनाभर आधी निवृत्त झालेला वैमानिक कोरडा राहू शकतो. वैद्यकीय रजेवरचे, लष्करी सेवेत गेलेले, दीर्घकालीन अपंगत्वावर असलेले, आणि मयताचे वारस, या प्रत्येकाचं नाव घेऊन कलम आहे का ते पाहा. रेट्रोत तास कमावलेले असल्याने हक्क सांगायला जागा असते, तरी तिथेही कलम लागतंच. घटस्फोट चालू असेल तर वकिलाला आधी विचारा: रेट्रो हा लग्न टिकून होतं त्या काळातल्या कामाचा मोबदला ठरू शकतो.

कराचं आता. भारतात पगाराच्या फरकावर वर्षानुवर्षं कलम 89 आणि फॉर्म 10ई चा दिलासा मिळत आला. अमेरिकेत तशी सोय नाही, पैसा ज्या वर्षी हातात आला त्या वर्षीचाच. बोनस असो वा रेट्रो, दोन्ही ‘सप्लिमेंटल’ (नेहमीच्या पगाराव्यतिरिक्तचं) वेतन, आणि त्यातून फेडरल कर सरसकट 22 टक्के कापायची कंपनीला मुभा आहे. अविवाहित कॅप्टन 32 किंवा 35 टक्क्यांच्या पायरीवर असतो, म्हणजे एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना बाकी निघणार. दंड टाळायचा तर गेल्या वर्षीच्या कराच्या 110 टक्के यंदा भरलेले असावेत. 2025 मध्ये सोशल सिक्युरिटीची (सरकारी पेन्शनची) 6.2 टक्के कपात वर्षाच्या 1,76,100 डॉलर कमाईनंतर थांबत होती, त्यामुळे वर्षाच्या शेवटी आलेल्या चेकमधून कॅप्टनची ही कपात होत नाही, फर्स्ट ऑफिसरची होते.

मात्र डिसेंबरच्या चेकची दुसरी बाजूही आहे. 401(के) या निवृत्ती खात्यात वैमानिक आणि कंपनी दोघांचं मिळून 2025 ची कमाल 70,000 होती (50 च्या वरच्यांची जादा भर वेगळी), आणि योगदान मोजायला पगार धरला जायचा तो 3,50,000 पर्यंतच. कोटा आधीच भरला असेल तर रेट्रोवरचं योगदान करपात्र रोख होऊन येतं, किंवा येतच नाही. म्हणून युनियनला दोन गोष्टी विचाराव्यात: या रकमेवर योगदान धरलंय का, आणि चेक जानेवारीत ढकलता येईल का. सही बोनसवर योगदान धरलेलं नसेल तर 17 टक्क्यांच्या हिशोबाने 30,000 मागे 5,100 गेले.

नकाराची किंमतही मांडा. फेडेक्सच्या वैमानिकांनी जुलै 2023 मध्ये 57 टक्के मतांनी टीए फेटाळला. दोन वर्षं उलटली तरी नवा करार झाला नव्हता. थांबण्याचा काळ पुढे रेट्रोत धरला जाईल अशी लेखी हमी नसेल, तर वाट पाहण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. रेट्रोवर व्याजही सहसा नसतं.

पैसे जमा झाले की मासिक पे स्टब (पगाराच्या पावत्या) काढून स्वतः बेरीज करा. चुका ठरलेल्या जागी सापडतात: ज्या महिन्यात सीट (फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन होणं) किंवा विमान बदललं तो महिना, दुप्पट दराच्या ट्रिपा, ट्रेनिंगचे दिवस आणि आजारपणाची रजा. तक्रारीची मुदत करारातच दिलेली असते, बहुतेकदा दिवसांत मोजलेली.