‘एकच चान्स’ म्हणून ८०,४०० रुपयांना बुडालो

हवाई दलात वैमानिक व्हायचं म्हणून पुण्यात एक क्लास लावला, त्याचा हा हिशेब. नोंदणीचे २,०००. दहा दिवसांच्या ‘सीपीएसएस लॅब’चे, म्हणजे वैमानिकांच्या संगणकी चाचणीच्या सरावाचे, २४,५००. घरी सरावासाठी ‘सिम्युलेटर किट’, १८,९००. आणि ३५,००० आणखी एका गोष्टीचे. ती सांगताना अजून कान तापतात, म्हणून ती मागाहून. बेरीज ८०,४००. त्यातले ५०,००० बाबांनी पतसंस्थेतून उचललेत आणि त्याचा हप्ता चालू आहे.

क्लासवाले गळ कसा टाकतात ते तुम्हाला माहीत आहेच. निवड झालेल्या पोरांचे फ्लेक्स, मोफत सेमिनार, भिंतीवर गणवेशातल्या एका साहेबांचा फोटो. साहेब रिटायर्ड विंग कमांडर म्हणे. दहा दिवसांत एकदाही उगवले नाहीत. ‘कुठल्या स्क्वाड्रनला होते?’ असं विचारलं तर उत्तर आलं, ‘क्लासिफाईड आहे.’ मी मान डोलावली! रिटायर माणसाची स्क्वाड्रन कसली क्लासिफाईड?

मी काही अगदीच खुळा नाही हो. एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची लेखी प्रवेश परीक्षा, पहिल्याच झटक्यात निघाली, ३०० पैकी १७१. त्यापुढच्या एसएसबीला, म्हणजे निवड बोर्डाच्या मुलाखती-चाचण्यांना, पडलं तरी वयात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा जाता येतं, त्यामुळे तिची धास्ती नव्हती. धास्ती होती ती सीपीएसएसची, म्हणजे वैमानिक होण्याची पात्रता तपासणाऱ्या संगणकी चाचणीची. पूर्वीच्या पीएबीटीची जागा हिनं घेतली. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचं दार कायमचं बंद, मग एएफकॅटनं या नाहीतर सीडीएस या दुसऱ्या प्रवेश परीक्षेनं. हा नियम खरा आहे, आणि ही मंडळी नेमकी त्याच्यावर जगतात. ‘एसएसबीचं कोचिंग कुठंही मिळेल बाळा, पण मशीनवर हात बसवून कोण देणार? चान्स एकच आहे.’ हे ‘चान्स एकच आहे’ मी दहा दिवसांत शंभरदा ऐकलं असेल.

लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, चार संगणक, चार जॉयस्टिक, खाली पायाचे पेडल. ‘बोर्डाचंच ओरिजिनल सॉफ्टवेअर’.

आता ते, जे मी बघूनही बघितलं नाही. पहिल्याच दिवशी कृत्रिम क्षितिजाची, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारी, तबकडी दाखवली. पुस्तकात मी शिकलो होतो की या तबकडीत विमानाचं चिन्ह जागेवर असतं आणि मागची क्षितिजरेषा कलते. इथं रेषा ढिम्म आणि चिमुकलं विमानच डावीउजवीकडं कलतंय. विचारलं. सर म्हणाले, ‘ही रशियन पद्धत. मिग उडवलेत ना आपण?’ घरी येऊन शोधलं तर जुन्या रशियन विमानांत खरंच तशी तबकडी असायची. झालं, सरांवरचा विश्वास दुप्पट. थापेत चिमूटभर खरं कालवलेलं असलं की ती अशी घशाखाली उतरते.

पण तिसऱ्या दिवशीच्या प्रकाराला कुठलाच देश कामी येत नाही. दांडी मागं ओढली की विमानाचं नाक वर जातं, पुढं ढकलली की खाली. इथं उलटं! मागं ओढली की पडद्यावरचा ठिपका खाली. मी म्हटलं, ‘सर, हे उलटं आहे.’ सर म्हणाले, ‘डोकं लावू नको, हात बसव.’ मी गडबडीत एस्केप दाबलं आणि ठिपका जाऊन काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत मेनू उघडला. न्यू गेम. साउंड. हाय स्कोअर. खाली एक्झिट. हाय स्कोअर! बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये! सरांनी मागून हात घालून मॉनिटरच बंद केला, ‘सिक्युरिटीचा प्रॉब्लेम आहे’ म्हणाले आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं. मी तो चहा प्यालो. त्या क्षणी दप्तर उचलून निघालो असतो तर २६,५०० वरच भागलं असतं. उलट जाताना किटचे १८,९०० भरून आलो. तेच जॉयस्टिक, त्याच कंपनीचं, नंतर ऑनलाइन ३,२०० ला दिसलं.

पावतीवर काय लिहिलंय ते भरताना वाचा. माझ्या पावतीवर ‘स्टडी मटेरियल’ एवढंच आहे. लॅब नाही, सीपीएसएस नाही. पैसे गेले ते क्लासच्या नव्हे, कुणा भलत्याच बाईच्या यूपीआयवर.

म्हैसूरच्या एएफएसबीवर, म्हणजे हवाई दलाच्या निवड बोर्डावर, मी रेकमेंड झालो. हे माझ्या जिवावर, त्या क्लासच्या नव्हे. त्यानंतर सीपीएसएस, आणि तिथं नापास. उलट्या दांडीमुळेच नापास झालो असं छातीठोक म्हणणार नाही, कदाचित माझ्यात ती पात्रता नसेलही. पण पंधरा दिवस चुकीचा बसवलेला हात मी तिथं घेऊन गेलो, एवढं मला माहीत आहे. आणि ही चाचणी मोजते तुमची उपजत हालचाल. काय करायचं त्याच्या सूचना चाचणीआधी तिथंच समजावून देतात. त्यासाठी बाहेर कुणाला दमडीही द्यायची गरज नाही.

आता ते ३५,०००. परत आल्यावर चौथ्या दिवशी सरांचा फोन. ‘निकाल अजून दिल्लीला चढलेला नाही. टेक्निकल एरर दाखवून अटेम्प्ट पुसता येतो. ७०,००० लागतील, निम्मे आधी.’ चार रात्री डोळा लागला नव्हता. आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट हातातून गेलेली, आणि कुणीतरी म्हणतंय की ती गेलीच नाही. दिले. बाबांना ‘मेडिकलच्या तपासण्या’ सांगून दिले. चूक होती, लाज आहे, पण दिले. त्यानंतर सर जे मीटिंगमध्ये गेले ते गेलेच.

पोलीस. आमच्या हद्दीतलं ठाणं म्हणालं, क्लास पुण्यात, तिकडं जा. पुण्यातली चौकी म्हणाली, पैसे गावाहून गेले, तिकडं जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. मी कलम छापून नेलं, तर हवालदार म्हणाले, ‘मग वकीलच व्हा की.’ मागचा एक जण हसून ‘या पायलटसाहेब’ म्हणाला. सायबरवाले म्हणाले, ओटीपी कुणी चोरला नाही, तुम्ही आपल्या हातानं पाठवलेत, आमच्याकडं कशाला आलात? परत चौकी. आता म्हणे हा दिवाणी वाद, ग्राहक आयोगात जा. आणि एका साहेबांनी ३५,००० ची ओळ वाचून चष्म्यावरून बघत विचारलं, ‘हे कशाचे? लाच देत होतात? मग पहिला गुन्हा तुमच्यावरच घेतो.’ मी अर्ज उचलून बाहेर. सहा हेलपाटे, अकरा महिने, हातात एक आवक शिक्का. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, पण ते लावायला आधी कुणी पेन तर उचललं पाहिजे! त्यांनाही कळतं की असल्या पैशांची तक्रार कुणी नेटानं करत नाही. आणि सरांनाही तेच कळतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात. मी नवव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, तिथं दाखल केलंय. तारीख पडते, पुढची पडते. रोख देऊ नका. अटेम्प्ट पुसतो म्हणणाऱ्याचा फोन रेकॉर्ड करा आणि ठेवून द्या. एसएसबीची तयारी हवी असेल तर नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणं-जेवण धरून मोफत. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. ‘फुकटात काय शिकवणार’ असं मीच बाबांना म्हटलं होतं.

सीपीएसएस गेली तरी ग्राउंड ड्युटीचं, म्हणजे हवाई दलातल्या जमिनीवरच्या कामाचं, दार उघडं असतं. पुढची एएफकॅट भरलीय, बघू.

परवा फॉर्मच्या कामाला पुण्यात गेलो तर चौकात त्यांचा नवा फ्लेक्स. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी : एएफएसबी रेकमेंडेड’. खालच्या ओळीत डावीकडून तिसरा मी.